डाऊन हे आडनाव आहे

प्रिय डॉक्टर,

परवा ओपीडीत तू त्या जोडप्याला सांगितलंस, "बाळाला डाऊन सिंड्रोम आहे." वडिलांनी विचारलं, "डाऊन म्हणजे हा कायम खालीच राहणार का हो?" तू गप्प झालीस. मीही पहिल्यांदा असाच गप्प झालो होतो, म्हणून लिहितोय.

डाऊन हे आडनाव आहे, एवढं तरी तिथल्या तिथे सांगायचं. जॉन लँग्डन डाऊन हे इंग्लंडमधले डॉक्टर. १८६६ मध्ये त्यांनी या मुलांचं वर्णन केलं, पण चेहरेपट्टी पाहून त्यांना 'मंगोल' ठरवून टाकलं. पुढे जवळजवळ शतकभर डॉक्टरही तोच शब्द वापरत राहिले. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली आणि वंशाचा काही संबंध नाही हे उघड झालं. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून तो शब्द बदलायला सांगितलं. गंमत बघ, ज्याने वाईट नाव ठेवलं त्याचंच आडनाव त्या जागी बसलं!

सगळीच आडनावं टिकावीत असं नाही. हालरफोर्डेन-श्पाट्झ हा मेंदूचा दुर्मिळ आजार तू जुन्या पुस्तकात वाचला असशील. हे दोघे जर्मन डॉक्टर. नाझी राजवटीत मारलेल्या रुग्णांचे मेंदू हालरफोर्डेनने अभ्यासासाठी घेतले होते. तू त्या आजाराचं नवं नाव, 'पीकॅन' (PKAN), तेच म्हण.

हंटिंग्टनचं नाव मात्र मी आदराने घेतो. १८७२ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी या अमेरिकन डॉक्टरने मेंदूचा तो आनुवंशिक आजार मांडला. वडील आणि आजोबाही लाँग आयलंडवर डॉक्टर, त्यामुळे त्याच घराण्यांच्या पिढ्या या तिघांच्या डोळ्यांखालून गेलेल्या. पण रुग्णाला त्या नावातून काय कळणार? प्रत्येक मुलात आजार उतरण्याची शक्यता निम्मी, हे आपणच तोंडाने सांगायचं.

आता त्या बाळाचं. रिपोर्टवर '४७, एक्सवाय, +२१' छापलंय. ते वाचून दाखवू नकोस. केसपेपरच्या मागे गुणसूत्रांच्या जोड्या काढ, एकविसाव्या जागी तिसरी काडी ओढ आणि आईला बोटाने मोजू दे. नाव त्यानंतर. तेही मराठीत लिहून दे, घरी सासूबाईंना सांगताना अडायला नको.

अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. टू-डी इकोची तारीख अजून घेतलेली दिसत नाही. सोमवारी ते लसीला येतील, तेव्हा विसरू नकोस.

तुझा,
सर