जुन्या पिकअपची सगळी वायरिंग उपटून नवी टाकावी का?

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. ब्रेक दाबला की मागचा उजवा इंडिकेटरही मिणमिणतो, गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि पार्किंग लाइटचा फ्यूज मधूनच उडतो. डॅशबोर्डखालचा वायरींचा गुंता बघून तुम्ही विचारताय की सगळं कापून नवा हार्नेस (गाडीतल्या सगळ्या वायरींची जुडी) टाकू का. माझं उत्तर आहे, आत्ता नको. पहिले काही दिवस पक्कड हातातसुद्धा घेऊ नका.

इतकं ठाम सांगतोय, कारण माझ्या जुन्या पिकअपमध्ये मी हीच घाई केली होती. डॅशखाली एक निळी वायर कुठेच जात नाही असं वाटलं म्हणून कापली, आणि वायपर बंद पडला. ती कुठून कुठे जात होती हे शोधण्यात अख्खा आठवडा गेला. त्या शोधातच कळलं की कंपनीची मूळ वायरिंग जवळपास शाबूत आहे. गुंता झाला होता तो वरून चढवलेल्या वायरींचा: गाण्यांचा टेप, जादा हॉर्न, फॉग लाइट, आणि कुणीतरी लावून नंतर अर्धवट काढलेला अलार्म.

तुमच्या गाडीतही बहुधा हेच असेल. मूळ वायरी ठरलेल्या रंगांच्या असतात, बऱ्याचदा मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते, सगळ्या एका जुडीतून जातात आणि टोकाला कपलर (प्लास्टिकचा जोड) असतो. नंतरच्या वायरी एकाच रंगाच्या, जुडीच्या बाहेरून धावणाऱ्या, पीळ देऊन टेप गुंडाळलेल्या. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळवा, सगळीकडचे फोटो काढा आणि प्रत्येक उपऱ्या वायरीला चिठ्ठी बांधा. कापायचं नंतर, एका वेळी एकच, आणि दोन्ही टोकं ओळखल्यावरच.

आता इंडिकेटरचं. ही तक्रार वाचल्यावर मला सगळ्यात आधी अर्थिंगचा, म्हणजे करंटच्या परतीच्या जोडणीचा संशय आला.

गाडीत दिव्याला एकच वायर जाते, परतीचा रस्ता म्हणजे बॉडी. पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, केबिन रबरी गुट्ट्यांवर, आणि मागचा हौदा गंजलेल्या बोल्टांवर. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन, चॅसी, केबिन आणि हौदा यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या किंवा वायरी असतात. त्यातली एक सैल झाली किंवा तिच्याखाली गंज चढला, की करंट दुसरी वाट शोधतो. तुमच्या मागच्या दिव्यात ब्रेकचा बल्ब आणि इंडिकेटरचा बल्ब यांची अर्थ एकच आहे. ती तुटली की ब्रेकचा करंट बॉडीत उतरू शकत नाही. तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरीने पुढच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून परततो. म्हणून दोन्ही दिवे मंद पेटतात. इंडिकेटरच्या वायरिंगमध्ये यात काहीच बिघाड नसतो, तरी लोक स्विच बदलतात, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) बदलतात, आणि दोष तसाच राहतो.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला टेकवा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख पेटला आणि इंडिकेटर शांत राहिला, तर दोष अर्थमध्येच आहे. मल्टिमीटर असेल तर तो डीसी २० व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा होल्डरच्या अर्थवर, आणि ब्रेक दाबलेला. रीडिंग ०.१ ते ०.२ व्होल्टच्या वर जायला नको. माझ्या गाडीत ते ४ व्होल्टच्या वर होतं!

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: मोजमाप दिवा चालू असताना घ्यायचं. बऱ्याच जणांची फसगत इथेच होते. दिवा बंद ठेवून ओहममध्ये मोजलं तर दहा तारांपैकी एकच तार उरलेली वायरसुद्धा ठणठणीत दिसते. तीच गोष्ट पॉझिटिव्ह बाजूची. नुसता मीटर लावला की कुजलेल्या जोडावरही १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. म्हणून मी मीटरसोबत बल्बवाला टेस्ट लॅम्पही वापरतो. तो थोडा तरी करंट ओढतो, आणि कमजोर जोड उघडा पडतो.

दुरुस्ती साधी आहे. बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, नवा गोल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. हौद्यापासून चॅसीपर्यंत एक नवी जाड अर्थ वायर टाकलीत तर फारच उत्तम. हे सगळं करताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. हातातली अंगठी आणि घड्याळही काढून ठेवा.

बॅटरी उतरण्याचा शोध वेगळा. आधी बॅटरीच बघा. पूर्ण चार्ज होऊन काही तास शांत ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. हे ठीक असेल तर इग्निशन बंद करा, दारं लावा, निगेटिव्ह केबल काढा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी लावून खांब आणि केबल यांच्या मधे जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, हेडलाइटही लावू नका, मीटरचा फ्यूज जाईल. कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या गाडीत घड्याळ आणि टेपची मेमरी धरून २०-३० मिलिअँपिअर समजण्यासारखे आहेत. ५० च्या वर गेलं तर शोध घ्यायचा. अर्धा अँपिअर वाहत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी होते, म्हणजे तुमचं लक्षण जुळतंय.

आता एकेक फ्यूज काढत जा आणि मीटरकडे लक्ष ठेवा. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल त्या सर्किटमध्ये चोर आहे. सगळे काढूनही आकडा हलला नाही, तर थेट बॅटरीवरून घेतलेल्या उपऱ्या वायरी बघा, आणि मग आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा). त्यातला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळत असेल तर गाडी बंद असतानाही बॅटरी रिकामी होते. बॅटरीचं निगेटिव्ह काढून आल्टरनेटरची जाड वायर सुटी करा, तिचं टोक टेपने नीट झाका आणि पुन्हा मोजा.

फ्यूजच्या बाबतीत एकच विनंती: १० चा उडतो म्हणून २० चा घालू नका, चांदीचा कागद तर नकोच. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो गप्प बसवला की पुढची जळणारी वस्तू म्हणजे डॅशच्या आतली वायर.

मधूनच होणारा शॉर्ट पकडायला एक युक्ती मला फार आवडते. पार्किंगचे सगळे बल्ब काढून ठेवा, नंबर प्लेटचा आणि मीटर पॅनेलचेसुद्धा. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बल्ब जोडा आणि पार्किंगचा स्विच लावा. शॉर्ट नसेल तर बल्ब विझलेला राहील. असेल तर लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे घाई नाही. आता हार्नेस जागोजागी हलवत जा. जिथे हात लागल्यावर बल्ब पेटतो किंवा विझतो, तिथेच वायर सोललेली आहे. ग्रोमेट (वायरीभोवतीची रबरी कडी) निघून गेलेली पत्र्यातली भोकं, चॅसीची धार, सायलेन्सरजवळून गेलेला भाग आणि हौद्याखालचा मागचा कोपरा आधी बघा. हौद्याखाली चिखल आणि दगड लागून इन्सुलेशन फार लवकर जातं.

हे तिन्ही दोष निघाले की मगच उपऱ्या वायरी एकेक करून काढा. फॉग लाइट हवेच असतील तर रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्या: बॅटरीजवळच फ्यूज, तिथून ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून दिव्याला, आणि ८५-८६ वर स्विच व अर्थ. ५५ वॅटचे दोन दिवे ९ अँपिअरच्या आसपास ओढतात, डॅशमधल्या छोट्या स्विचवर तो भार टाकू नका. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. पीळ आणि टेप इंजिनच्या उष्णतेत टिकत नाहीत, टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते.

पूर्ण हार्नेस बदलण्याची वेळ मी एकाच परिस्थितीत मानतो. मूळ जुडी दोन-तीन ठिकाणी उघडून बघा. वायर वाकवल्यावर इन्सुलेशन तडकून गळत असेल, किंवा टोकापासून चार-पाच इंच सोलूनही आतलं तांबं काळं-हिरवंच निघत असेल, तर मग जोड लावत बसू नका, तयार हार्नेसच आणा.