तळाशी, तळात की तळाखाली?

प्रश्न एका वाक्याबद्दल आहे: 'समुद्राच्या तळाशी असलेल्या उकळत्या झऱ्यांमध्ये, ३५० अंश तापमानात, ज्वालामुखीच्या धुरावर रासायनिक संश्लेषण करून जगणारे जीवाणू.' यातले 'झरा', 'धूर' आणि 'रासायनिक संश्लेषण' हे शब्द चालतील का, आणि हायड्रोथर्मल व्हेंटला, म्हणजे समुद्रतळातून तप्त पाणी बाहेर पडते त्या तोंडाला, मराठीत काय म्हणावे, असे विचारले आहे.

नामांचे नंतर पाहू. या विषयावरचे मराठी लेखन बहुधा 'तळाशी' या शब्दापाशीच घसरते. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये इतकी नेमकी आहेत की योग्य ते निवडले तर अर्धे स्पष्टीकरण वाचते. 'तळाशी' म्हणजे तळालगतच्या पाण्यात. 'तळावर' म्हणजे पृष्ठभागावर: जीवाणूंचे सायीसारखे थर, नळीकृमी, शिंपले तिथे असतात. 'तळात' म्हणजे वरच्या काही सेंटीमीटर किंवा मीटर गाळात. 'तळाखाली' म्हणजे शेकडो मीटर गाळ आणि त्याहीखालचा बेसाल्ट खडक. या जागांमधली परिस्थिती वेगळी आणि राहणारे जीवही वेगळे. लेख खोल गाळातल्या सूक्ष्मजीवांवर असेल आणि सगळीकडे 'तळाशी' लिहिले असेल, तर वाचक नळीकृमींचे चित्र डोळ्यांसमोर आणतो आणि पुढचे सगळे चुकीचे वाचतो.

'खोली' या शब्दाचेही तसेच. जपानच्या शिमोकिता द्वीपकल्पाजवळ २०१२ साली समुद्रतळात केलेल्या वेधनात (खोल छिद्र पाडण्यात) समुद्रतळापासून २,४६६ मीटर खालच्या थरांपर्यंत सूक्ष्मजीव शोधले गेले. तिथे पाण्याची खोली सुमारे १,१८० मीटर आहे. '२,४६६ मीटर खोल समुद्रात' असे लिहिले की ते पाण्यातलेच जीव होऊन बसतात. म्हणून खोली लिहिताना ती कशापासून मोजली हे प्रत्येक वेळी सांगावे: 'पाण्याच्या पृष्ठभागापासून' किंवा 'तळापासून खाली'. वाक्य थोडे लांबते, लांबू द्यावे.

आता झरा. जमिनीवरच्या गरम झऱ्याला 'उन्हाळे' हा छान जुना शब्द आहे, पण आजचा वाचक तो ऋतूचे नाव म्हणून वाचेल, म्हणून इथे नाइलाज. 'झरा' सरसकट चूक नाही. तळावरच्या भेगांमधून कोमट पाणी पसरट झिरपत असेल तिथे तो शोभतो. १९७७ साली गालापागोसजवळच्या कटकावर (समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर) सुमारे अडीच हजार मीटर खोलीत 'ॲल्विन' पाणबुडीतून जे पहिल्यांदा दिसले ते याच जातीचे होते. पण १९७९ साली पूर्व प्रशांत कटकावर जे सापडले ते खनिजांच्या मनोऱ्यांतून जोराने उसळणारे, ३५० अंश सेल्सियसच्या आसपासचे पाणी होते. त्याला झरा म्हणवत नाही. मला 'उष्णजलमुख' हा शब्द पटतो, कारण ज्वालामुखीमुळे 'मुख' हा शब्द या अर्थाने कानाला सरावलेला आहे. 'विवर' टाळावे. ते कृष्णविवरालाही लागते आणि उल्कापाताच्या खड्ड्यालाही, आणि त्यातून काही बाहेर पडते आहे असे ते सुचवत नाही. पहिल्या उल्लेखात 'हायड्रोथर्मल व्हेंट म्हणजे उष्णजलमुख' असे लिहून पुढे दोन्हींपैकी एकच वापरावा.

'उकळत्या' मात्र काढाच. अडीच हजार मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे २५० पट असतो. त्या दाबाखाली ३५० अंशांचे पाणीही उकळत नाही, द्रवच राहते. 'तप्त' किंवा 'अतितप्त' लिहावे.

'धूर' हा दिसण्यावरून पडलेला शब्द आहे. समुद्राचेच पाणी भेगांतून खाली मुरते, मॅग्माजवळच्या खडकात तापते, वाटेत मॅग्नेशियम आणि सल्फेट गमावते, धातू आणि सल्फाइड उचलते आणि वर येते. तळाजवळच्या दोनेक अंशांच्या पाण्यात मिसळताक्षणी लोह, तांबे, जस्त यांची सल्फाइडे बारीक कणांच्या रूपात साक्याप्रमाणे बाहेर पडतात. काळे दिसते ते हे. म्हणजे 'ज्वालामुखीचा धूर' यातली दोन्ही पदे फसवी: जळत काहीच नाही, आणि पाणी मुख्यतः समुद्राचे आहे. मनोऱ्याला 'धुराडे' म्हणायला माझी हरकत नाही, तो आकाराचा शब्द आहे. अटलांटिकमधल्या 'लॉस्ट सिटी' या २०००मध्ये सापडलेल्या क्षेत्रात मात्र तोही सोडावा लागतो. तिथले ६० मीटरपर्यंत उंचीचे पांढरे मनोरे कार्बोनेटचे आहेत, पाणी साधारण ४० ते ९० अंशांचे आणि अल्कधर्मी आहे, आणि त्यातला हायड्रोजन ऑलिव्हिन हे खनिज असलेला खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून येतो.

सगळ्यात मोठी चूक '३५० अंश तापमानात जगणारे' ही आहे. आतापर्यंत प्रयोगशाळेत वाढताना दिसलेल्या सूक्ष्मजीवांची वरची मर्यादा १२२ अंश आहे, तीही वाढीव दाबाखाली, 'मेथॅनोपायरस कॅन्डलेरी' या आर्कियाच्या (जीवाणूंहून वेगळ्या गटातल्या एकपेशीय सूक्ष्मजीवाच्या) एका वाणाची. सूक्ष्मजीव ३५० अंशांच्या प्रवाहात राहत नाहीत. ते धुराड्याच्या सच्छिद्र भिंतीत राहतात, जिथे काही सेंटीमीटरच्या जाडीत तापमान ३५० वरून २ वर उतरते. इथे 'धुराड्याच्या भिंतीत' हे दोन शब्द लिहिले की काम भागते.

'रासायनिक संश्लेषण' हे कारखान्यातल्या रंगाचे किंवा औषधाचे असते. इथे 'रसायनसंश्लेषण' हवे, 'प्रकाशसंश्लेषण'च्या जोडीला. फक्त एक पेच आहे: प्रकाशसंश्लेषणाचा विग्रह 'प्रकाशाने केलेले संश्लेषण' असा तृतीया तत्पुरुष होतो, तर 'रसायनसंश्लेषण' वाचताना 'रसायनाचे संश्लेषण' हा षष्ठीचा विग्रह आधी सुचतो. म्हणून पहिल्या वेळी फोड करून लिहावे: 'हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन किंवा मिथेन यांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर कार्बनी पदार्थ बनवणे'.

याला लागून 'सूर्यावर मुळीच अवलंबून नसलेली जीवसृष्टी' हे वाक्य हमखास येते. तेही पूर्ण खरे नाही. नळीकृमीला प्रौढावस्थेत तोंड नसते, आतडे नसते. तो रक्तातून सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही आतल्या सहजीवी जीवाणूंना पोचवतो. तो ऑक्सिजन पाण्यात वरून आलेला, प्रकाशसंश्लेषणाचाच. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करणाऱ्या आर्कियांबद्दल मात्र हे वाक्य बरेचसे खरे ठरते.

आर्कियांना 'आदिजीवाणू' म्हणू नये. ते जीवाणू नाहीत, आणि 'आदि'ने ते जीवाणूंचे पूर्वज वाटतात. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी त्यांचे वेगळेपण १९७७ सालीच मांडले. दोन्ही गट अभिप्रेत असतील तर 'सूक्ष्मजीव' लिहावे.

तळाखालच्या जीवांबद्दल '१० कोटी वर्षांचे सूक्ष्मजीव' असेही लिहिले जाते. ते दक्षिण प्रशांतातल्या ज्या गाळात सापडले तो गाळ सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातल्या पेशी खाद्य दिल्यावर वाढल्या, पण वय गाळाचे मोजले होते, पेशींचे नव्हे. 'इतक्या जुन्या गाळातले' असे म्हणावे. त्याच भागात गाळाच्या अगदी बुडापर्यंत ऑक्सिजन पोचतो, म्हणून तळाखालचे सगळेच 'विनॉक्सी', म्हणजे ऑक्सिजनविरहित, हेही चुकते. किनाऱ्याजवळच्या सेंद्रिय गाळात मात्र तो काही मिलिमीटर ते सेंटीमीटरमध्ये संपतो आणि पुढे ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशा क्रमाने श्वसन चालते.

सगळे धरून ते वाक्य मी असे लिहीन: 'समुद्रतळावरच्या उष्णजलमुखांभोवती, धुराड्यांच्या भिंतींत, तप्त पाण्यातल्या सल्फाइड आणि हायड्रोजनवर रसायनसंश्लेषण करून जगणारे सूक्ष्मजीव.'