डेथ व्हॅलीला 'वाळवंट' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीवरचा लेख मराठीत आणताना 'डेझर्ट व्हॅली'साठी 'वाळवंटी दरी' लिहिलं. पण छायाचित्रांत वाळू फारशी दिसत नाही. मग शब्द चुकला का?

शंका अगदी रास्त आहे. 'वाळवंटा'त वाळू आधी येते. कोरडेपणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. वारकरी ज्या वाळवंटात नाचतात ते तर चंद्रभागेच्या पाण्याला लागून आहे! सहारा किंवा थरसाठी हा शब्द आता पक्का रुळलाय, त्याबद्दल तक्रार नाही. पण डेथ व्हॅलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेली जागा जेमतेम एक टक्का. बाकी उघडा खडक, दगडगोटे, भेगाळलेला चिखल आणि मिठाचे थर. 'वाळवंट' हा शब्द उद्यानातल्या मेस्किट फ्लॅट या भागातल्या वाळूच्या टेकड्यांसाठी राखून ठेवा.

मला इथे 'मरू' हवासा वाटतो. अमरकोशात 'मरू' आणि 'धन्वन्' समानार्थी दिलेत. परंपरेने 'मरू'ची व्युत्पत्ती 'मृ' म्हणजे मरणे या धातूपासून सांगतात. प्राणी जिथे मरतात तो मरू. वाळूचा त्यात संबंधच नाही, आणि डेथ व्हॅलीच्या नावाशी तो किती आतून जुळतो पाहा. शिवाय शब्द परका नाही: मारवाड, मरूद्यान, मरुभूमी हे आपण वापरतोच. सिएरा नेवाडा आणि पॅनामिंटसारख्या डोंगररांगा समुद्रावरून येणारी वाफ अडवतात, त्यामुळे दरीच्या तळाशी वर्षाला ५-६ सेंटिमीटरच पाऊस पडतो. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं.

'दरी'बद्दलही थोडं. दरी म्हटलं की आपल्याला कड्याखालची अरुंद, खोल जागा दिसते. ही सुमारे २२५ किलोमीटर लांब आणि चांगली ऐसपैस. 'खोरे' तर नकोच, कारण ही दरी नदीने कोरलेली नाही. अमार्गोसा नदी दक्षिणेकडून आत शिरते आणि तिथेच जिरते, आटते. भूकवच ताणलं गेलं, मधली जमीन खाली गेली, बाजूचे डोंगर वर उचलले गेले. यासाठी भूगोलाच्या पुस्तकात नेमका शब्द आहे, 'खचदरी'. दरीतल्या बॅडवॉटर या सखल भागाचा तळ समुद्रसपाटीखाली ८६ मीटर, आणि समोरचं टेलिस्कोप शिखर ३,३०० मीटरहून उंच. 'खचली' हे क्रियापद तिथे शब्दशः खरं आहे.

आता झाडं. मिठाच्या पट्ट्याकाठच्या मांसल झुडपाला तुम्ही 'खारफुटी' म्हटलंय, ते बदला. खारफुटी भरती-ओहोटीच्या चिखलातली. इथे 'लवणवनस्पती' चालेल, आणि कोरड्या हवेत तगणाऱ्या सगळ्यांसाठी 'मरुवनस्पती'. डेझर्ट हॉली या तिथल्या झुडपाचं एक पान जवळून पाहिलं तर कडा दातेरी आणि रंग राखाडी-रुपेरी दिसतो. पानाच्या पृष्ठभागावर मीठ साठतं, त्यामुळे पान उजळ होतं आणि ऊन परतवतं. क्रिओसोट या झुडपाच्या पानांवर राळेचा चकचकीत थर असतो. पाऊस पडला की तिचा उग्र वास दरवळतो. मेस्किट मात्र मुळं खोल सोडून भूजल गाठतं. ते आपल्या शमीचं जवळचं नातेवाईक, म्हणून 'शमीवर्गातलं झाड' एवढी ओळख वाचकाला पुरेल.

शीर्षकात 'मृत्यूची दरी' करू नका, विशेषनाम तसंच ठेवा. ते १८४९-५० च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात निघून तिथे अडकलेल्या प्रवाशांच्या वेळचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे, मेस्किटच्या शेंगा कुटून खाणारे टिंबिशा शोशोनी लोक या जागेला जे नाव देतात, त्यात तांबड्या गेरूचा उल्लेख आहे, मरणाचा नाही. लेखात एक ओळ त्यालाही द्या.