बेळगावात सायकल ट्रॅक बांधले तर लोक रोज सायकलीवर येतील का?

नुसते बांधून येणार नाहीत. ट्रॅक कुठून कुठे जातो, हे आधी बघावं लागतं. रस्ता रुंद आहे म्हणून तिथं किलोमीटरभर तुकडा करणं म्हणजे पैसा वाया, हे माझं ठाम मत आहे. वडगाव, शहापूर, अनगोळहून उद्यमबागेत कामाला जाणारे आणि टिळकवाडीच्या शाळा-कॉलेजांत येणारी मुलं यांची अंतरं बहुतेक चार-पाच किलोमीटरच्या आतली. गाव पठारावर, चढही फार नाहीत. हेच रस्ते सलग जोडावेत. ट्रॅक रेल्वे गेटपाशी किंवा चौकाआधी संपला, तर नेमक्या धोक्याच्या जागी माणूस उघडा पडतो आणि आईबाप मुलांना सायकल देत नाहीत. स्पेनमधल्या सेव्हिल शहरानं २००६-०७ च्या सुमारास ८० किलोमीटरचं जाळं एकदम उभं केलं, म्हणून तिथं सायकली काही वर्षांत कित्येक पट वाढल्या.

जुन्या पेठांत जागाच नाही, तिथं ट्रॅकचा हट्ट नको. गाड्यांचा वेग ३० च्या आत आणा. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो. गाडी साधारण २५ च्या वेगानं जाते, सायकलला धक्का बसत नाही. आपल्याकडे घालतात तो अरुंद आणि उंच. तो चुकवायला सायकलवाला कडेच्या फटीतून जातो आणि गटारीकडे सरकतो.

मोठ्या रस्त्यावर मात्र नुसता रंगाचा पट्टा चालत नाही, आठवड्यात तिथं गाड्या उभ्या राहतात. एका दिशेला किमान २ मीटर रुंदी हवी, ट्रॅक रस्त्यापेक्षा १०-१५ सेंटिमीटर उंच हवा, आणि उभ्या मोटारींचं दार उघडायला अर्धा मीटर वेगळा सोडावा. गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली न उतरवता गाड्यांनाच चढ द्यावा. ट्रॅकच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांमध्ये दीड मीटर अंतर ठेवलं की मोटार अडते, पण मोटारसायकल-स्कूटर घुसतेच. त्यासाठी खांब आणखी जवळ आणले तर दिव्यांगांची तीनचाकी आणि दुधाचे कॅन लावलेली सायकल अडकते. मोटारसायकल-स्कूटरवाल्यांवर पहिले काही महिने पोलीस आणि दंड, दुसरा उपाय नाही.

पावसाचा विचार तर सुरुवातीलाच. गटारीवरच्या फरशांवर ट्रॅक नेऊ नये, त्या हलतात. पेव्हर ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरतं. डांबर किंवा खरखरीत काँक्रीट बरं. गटारीवरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक आत जातं.

स्टँडसाठी ७५ सेंटिमीटर उंच उलट्या ‘यू’ आकाराचे पाइप एकेक मीटरवर रोवले की एका मोटारीच्या जागेत १० सायकली राहतात आणि फ्रेमला कुलूप लागतं. चाक खोबणीत अडकवायचे स्टँड रिम वाकवतात. रविवार पेठ, बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन इथून सुरुवात करावी.

कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना मोफत सायकली मिळत. करोनानंतर ती योजना थांबली. ती परत मागताना ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन यांचा दुरुस्तीखर्चही मागा, कारण पंक्चर झालेली सायकल महिनोन्महिने पडवीत उभी राहते. ट्रॅकचंही तेच. झाडलोटीचा खर्च वार्षिक टेंडरमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. कडेची खडी आणि काचा साठल्या की लोक आपोआप पुन्हा मुख्य रस्त्यावर येतात.