‘समजलं ना?’ विचारू नका

प्रश्न : ताई, माझ्या हाताखाली पाच जण आहेत. त्यातल्या एकाला म्हटलं, “सोमवारपर्यंत ग्राहकाचा रिपोर्ट दे. समजलं ना?” तो म्हणाला, “हो मॅडम.” सोमवारी रात्री पावणेबाराला नुसत्या आकड्यांची एक्सेल फाइल आली. माझी मीटिंग त्याच दिवशी सकाळी दहाला होती! इतकं स्पष्ट सांगूनही असं का होतं?

उत्तर : रागावू नका, पण स्पष्ट कुठे सांगितलंत? मीटिंग दहाला आहे हे तुमच्या डोक्यात होतं. त्याच्या हिशेबाने सोमवार रात्री बारापर्यंत असतो.

मीही हेच केलंय, तेही घरी. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत घालायची दोन औषधं होती. मी सांगितलं, “आधी पांढऱ्या झाकणाचं, मग निळ्या. समजलं ना?” “हो गं.” चार दिवसांनी बघते तर निळ्या बाटलीचं सील तसंच! माझं ‘मग’ म्हणजे पाच मिनिटांनी. त्यांचं ‘मग’ म्हणजे पांढरी बाटली संपल्यावर. मी चिडले, आणि चूक मात्र माझ्याच वाक्यात होती.

‘समजलं ना?’ला ‘हो’शिवाय उत्तरच नसतं. ‘नाही’ म्हणायला धाडस लागतं, आणि ज्याचा गैरसमज झालाय त्याला तर तो झालाय हेच ठाऊक नसतं.

गंमत म्हणजे फोन नंबर घेताना आपण हे बरोबर करतो. “अठ्ठ्याण्णव... पुढे?” असं म्हणत समोरचा आकडे परत म्हणून दाखवतो, चुकला तर तिथेच कळतं. वैमानिकही कंट्रोल टॉवरची सूचना तशीच परत म्हणतात. २७ मार्च १९७७ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. कारणं बरीच होती, त्यातलं एक शब्दांचं. एका विमानातून ‘आता टेकऑफवर आहोत’ अशा अर्थाचं वाक्य आलं. विमान धावू लागलं होतं, टॉवरला वाटलं ते जागेवर थांबलंय, आणि उत्तर गेलं ‘ओके’. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असं ठरलं.

तेव्हा पुढच्या वेळी त्याला म्हणा, “मी घाईत सांगितलं, काही राहिलं का बघू. तू सुरुवात कुठून करशील? माझ्याकडे काय आणि किती वाजता येईल?” घाईचं खापर स्वतःवर घ्याच, नाहीतर त्याला तोंडी परीक्षा वाटेल. एक मिनिट जातं. ‘रिपोर्ट’ म्हणजे त्याच्या मनात एक्सेल आहे, हे तिथेच बाहेर पडलं असतं.

वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी शहाणी झाले होते. विचारलं, “बाबा, उद्या सकाळी आधी काय करणार?”

“आधी चष्मा शोधणार,” ते म्हणाले. “झाकणाचा रंग नको दिसायला?”