ऑटोमनला मराठीत काय म्हणावं?

"घरासाठी डॅनिश पद्धतीची लाऊंज चेअर घेतली, सोबत पाय ठेवायला ऑटोमन आलं. या दोन्हींना मराठीत काय म्हणावं? पादपीठ चालेल का?" असा प्रश्न आला आहे.

खुर्चीचं उत्तर सरळ आहे: आरामखुर्ची. डॅनिश लोक अशा खुर्चीला 'लेनेस्टोल' म्हणतात, म्हणजे टेकून बसायची खुर्ची. 'वीलेस्टोल' हाही शब्द त्यांच्याकडे आहे. 'वीले' म्हणजे विसावा. आपल्या शब्दाचा हा सख्खा भाऊच. आरामखुर्ची म्हटलं की ओसरीवरची वेताची खुर्ची डोळ्यांपुढे येते, हे खरं. पण हा शब्द कामावरून पडला आहे, घाटावरून नाही. डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर यांची १९५१ची गुबगुबीत 'बाम्सेस्टोल', म्हणजे अस्वलखुर्ची, त्यात खुशाल मावते.

ऑटोमनची गोष्ट निराळी. हा शब्द डॅनिश नाहीच. तुर्की साम्राज्याचा संस्थापक उस्मान; त्याच्या नावाचा अरबी उच्चार 'उथ्मान'च्या जवळ जातो. त्या उच्चारावरून युरोपात त्याच्या घराण्याला ओटोमन म्हणू लागले. पुढे अठराव्या शतकात फ्रेंचांनी तुर्की धर्तीच्या बैठकीला तेच नाव दिलं. दिवाण आणि सोफा हेही पश्चिम आशियातलेच शब्द. दिवाण म्हणजे आधी नोंदवही, पुढे कचेरी आणि दरबार, आणि मग त्या दरबारात भिंतीलगत मांडलेली बैठक. आपण दिवाण थेट फारसीतून घेतला, सोफा मात्र युरोपला वळसा घालून आला.

डेन्मार्कमध्ये पाय ठेवायच्या बैठ्या स्टुलाला 'स्कामल' म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ छोटं बाक. डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसन यांनी एसएएस या विमान कंपनीच्या कोपनहेगनमधल्या हॉटेलसाठी केलेल्या 'एग' खुर्चीबरोबर (१९५८) जे येतं, तेही स्कामलच.

आता पादपीठ. शब्द सुंदर आहे, पण वजनदार. संस्कृत काव्यात ते सिंहासनापुढे असतं आणि मांडलिकांचे मुकुट त्याला घासतात. दमून घरी आल्यावर "जरा ते पादपीठ सरकव" असं कोणी म्हणणार नाही. चौरंग आणि पाट तर मी सुचवणारच नाही. एकावर देव बसतो, दुसऱ्यावर जेवणारा. तिथे पाय ठेवायला मन घेत नाही.

आपल्याकडे जुना घरगुती शब्द का नाही, याचं उत्तर मला त्या वेताच्या खुर्चीतच दिसतं. तिचे हात इतके लांब की पाय त्यांवरच टाकायचे. वेगळी वस्तूच नव्हती, मग शब्द कुठून येणार?

फर्निचरच्या दुकानात मात्र शब्द तयार आहे: पफी. फ्रेंच 'पुफ'वरून आलेला. डॅनिशमध्येही 'पुफ' आहे, आणि तो स्कामलहून वेगळा: सगळीकडून कापडाने किंवा चामड्याने मढवलेला गोल वा चौकोनी ठोकळा. तुमची वस्तू तशी असेल तर बिनधास्त पफी म्हणा. लाकडी पायांवर गादी ठेवलेली असेल, आणि या घाटाच्या खुर्चीबरोबर बहुधा तशीच येते, तर मी 'पायाखालचं स्टूल' म्हणेन. लिंगाचा गोंधळही त्यात नाही. ऑटोमन कुणाच्या घरी 'तो' असतो, कुणाच्या घरी 'ते'; स्टूल सगळीकडे 'ते'च, आणि पफी 'ती'.