वाचकांचे प्रश्न : आंदीजचे सूर आणि डोंगर

प्रश्न : दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतातल्या पाव्यांचे वादन ऐकताना डोंगरातला वारा घुमत असल्याचा भास होतो. हे संगीत वाऱ्याच्या आवाजावरूनच सुचले असेल का? विरळ हवेत दम पुरत नाही म्हणून तिथे एक पावा दोघे मिळून वाजवतात, असेही वाचले. ते खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकलेले वाद्य बहुधा सिकू असावे, स्पॅनिश भाषिक त्याला साम्पोन्या म्हणतात. बोरूसारख्या पोकळ नळ्या उतरत्या लांबीने शेजारी शेजारी बांधलेल्या असतात, त्यांची खालची तोंडे बंद असतात आणि वरच्या काठावर फुंकर घातली की सुराबरोबर फुंकरीची सळसळही ऐकू येते. आपल्याला वारा वाटतो तो हाच. तेवढ्यावरून वाऱ्याची नक्कल म्हणून हे वाद्य घडवले गेले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल.

दोघांनी वाजवण्याची गोष्ट खरी आहे. सिकूचे इरा आणि आर्का असे दोन भाग असतात, इरामध्ये बहुधा सहा आणि आर्कामध्ये सात नळ्या असतात, आणि सप्तकातला एक सूर एका भागात तर त्याच्या लगतचा दुसऱ्या भागात असल्यामुळे एकट्या वादकाला पूर्ण चाल वाजवताच येत नाही. इरा पुढे चालतो, आर्का त्याला उत्तर देतो आणि दोघांच्या आलटून पालटून येणाऱ्या सुरांतून चाल उभी राहते. यात दम खायला उसंत मिळते हे खरे. पण केवळ विरळ हवेमुळे ही पद्धत आली असती, तर तिथल्याच उंच पठारावर तार्का नावाची लाकडी बासरी प्रत्येक वादक पूर्ण चालीसह आणि जोरकस फुंकरीने वाजवतो, त्याचा उलगडा होत नाही. आयमारा आणि केचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांत शेतीपासून घरबांधणीपर्यंतची कामे परस्परांच्या मदतीने होतात, आणि सिकूची वाटणी त्या रीतीशी अधिक जुळते, असे मला वाटते.

डोंगराशी असलेले नाते शोधायचे तर ते ऋतुचक्रात शोधावे. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरचे तितिकाका सरोवर सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या भोवतालच्या पठारावर पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो, आणि बटाट्याचे पीक त्यावरच अवलंबून असते. म्हणून अनेक गावांत वाद्यांनाही हंगाम असतो : तार्का आणि पिंकियू या बासऱ्या नोव्हेंबरच्या आरंभीच्या सर्वसंत दिनापासून फेब्रुवारी-मार्चमधल्या कार्निव्हल उत्सवापर्यंत वाजतात, तर सिकू प्रामुख्याने कोरड्या महिन्यांत. पिंकियूच्या आवाजाने पाऊस येतो अशी श्रद्धा आहे. ही बासरी वाजवण्याआधी तिच्यात पाणी किंवा मक्याची चिचा नावाची दारू ओततात. त्यामुळे लाकूड फुगून भेगा बुजतात आणि सूर नीट लागतो. काही भागांत नवे वाद्य रात्रभर झऱ्याजवळ किंवा धबधब्याजवळ ठेवतात, कारण पाण्यात राहणारी सिरेना नावाची जलपरी त्याला सूर लावून देते, असे मानतात. गंमत अशी की सिकूचा बोरू या उघड्याबोडक्या पठारावर वाढतच नाही; तो पूर्वेकडच्या उबदार दऱ्यांतून आणावा लागतो.

प्रश्न : चारांगो हे तंतुवाद्य आणि ‘एल कोंदोर पासा’ ही धून इंका काळातली आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नाहीत. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी आंदीजमध्ये तंतुवाद्ये नव्हती. त्यांनी आणलेल्या गिटारवर्गीय वाद्यांवरून स्थानिकांनी चारांगो घडवला. त्याला सहसा पाच जोड्यांत दहा तारा असतात, आणि त्याची पाठ पूर्वी आर्माडिलो या प्राण्याच्या कवचाची करीत. आता बहुधा लाकडाची करतात. ‘एल कोंदोर पासा’ ही दानिएल आलोमिआ रोब्लेस या पेरूच्या संगीतकाराची रचना असून, ती १९१३ मध्ये लिमा येथे रंगमंचावर आलेल्या त्याच नावाच्या संगीत नाटकातली आहे. रोब्लेस यांनी पर्वतीय भागात हिंडून लोकधुनी गोळा केल्या होत्या, त्यामुळे तिचा बाज जुना वाटतो.